हंगामाआधीचा बेस: साताऱ्यातल्या नव्या सायकलवाल्यांसाठी

साताऱ्यात कुणी नवी गिअरची सायकल घेतली की पहिल्याच आठवड्यात तो यवतेश्वर घाटात सापडतो. घाट दाराशी आहे, वर गार वारा आहे, कठड्याला सायकल टेकवली की खाली पसरलेल्या गावासकट फोटो निघतो. मग रोज सकाळी घाट आणि रविवारी कास. दोन-तीन महिन्यांत गडी घाट बऱ्यापैकी चढायला लागतो. नोव्हेंबरात मोठ्या हौसेनं २०० किलोमीटरच्या बीआरएमला, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुरी करायच्या लांब पल्ल्याच्या राईडला जातो आणि १२०च्या आसपास गळपटतो. धाप लागलेली नसते, सायकलही बिघडलेली नसते, अंगात काही उरलेलंच नसतं.

याचं कारण बेस नसणं, म्हणजे हळू आणि लांब चालवून तयार होणारा दमाचा पाया नसणं. दरवर्षी पावसाळ्यात नवी मंडळी तेच प्रश्न विचारतात: किती चालवायची, किती हळू, कुठल्या रस्त्यानं. साताऱ्यात राहून, नोकरी सांभाळून हे करता येतं आणि त्याला महागडा कोच लागत नाही. माझं म्हणणं एका ओळीत सांगायचं तर पहिले सहा आठवडे हँडल पूर्वेला कोरेगावकडं वळवा, पश्चिमेला घाटाकडं जाऊ नका. का आणि कसं, ते आता क्रमानं बघू.

१. कॅलेंडर मागून मोजा

आपल्याकडचा हंगाम पाऊस गेल्यावर उघडतो. बीआरएमचं वर्ष १ नोव्हेंबरला सुरू होतं आणि पुढच्या ३१ ऑक्टोबरला संपतं. २०० किलोमीटरला साडेतेरा तास मिळतात, ३०० ला २०, ४०० ला २७ आणि ६०० ला ४०. चारही अंतरं एकाच वर्षात पूर्ण केली की ‘एसआर’ म्हणजे सुपर रँडोनर. पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस ही फ्रान्समधली लांब पल्ल्याची राईड चार वर्षांतून एकदा होते, पुढची २०२७ला आहे. तिचं स्वप्न असेल तर त्याच हंगामात हे चारही टप्पे लागतात. पण तो विषय नंतरचा.

साडेतेरा तासांत २०० म्हणजे चहा-नाश्ता-पंक्चर धरून ताशी १५ची सरासरी. वेग मुळीच अवघड नाही, अवघड आहे ते इतका वेळ टिकणं. शरीरातला ग्लायकोजेनचा, म्हणजे साठवलेल्या साखरेचा साठा साधारण १६०० ते २००० कॅलरींचा असतो. २०० किलोमीटरला नवख्याला चार हजारांच्या घरात कॅलरी लागतात. जो माणूस सुरुवातीपासून जोर लावून चालवतो त्याचा साठा निम्म्या वाटेत संपतो. चरबीचा साठा मात्र बारीक माणसाकडेही भरपूर असतो, पण तो वापरायची सवय शरीराला लावावी लागते. ती हळू, लांब आणि नियमित चालवल्यानं लागते. स्नायूंतल्या पेशींत मायटोकाँड्रिया वाढतात, केशवाहिन्या वाढतात, हृदय एका ठोक्यात जास्त रक्त ढकलायला लागतं. हे बदल व्हायला आठवडे लागतात. शेवटच्या पंधरा दिवसांत जीव काढून ते होत नाहीत.

म्हणून दहा ते बारा आठवडे हाताशी ठेवा. नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यातली बीआरएम धरली असेल तर ऑगस्ट संपता संपता सुरुवात व्हायला हवी. हा सगळा काळ सणांचा असतो, त्याला इलाज नाही. सण आधीच कॅलेंडरवर खुणा करून ठेवा. दर चौथ्या आठवड्यात चालवणं तीस-चाळीस टक्क्यांनी कमी करायचंच असतं. असा एक आठवडा गणपतीत टाकला की मोदकही खाता येतात आणि मिरवणुकीतल्या जागरणानंतर पहाटे उठल्याचं पापही लागत नाही.

२. आधी तुमची तपासणी, मग सायकलची

चाळिशी ओलांडली असेल, बीपी-शुगर असेल किंवा घरात कुणाला लवकर हृदयविकार झाला असेल तर डॉक्टरांना भेटून ईसीजी आणि त्यांना गरज वाटली तर स्ट्रेस टेस्ट करून घ्या. बाकीच्यांनीही हिमोग्लोबिन, बी-१२ आणि ड जीवनसत्त्व तपासावं. आपल्याकडं, विशेषतः शाकाहारी घरांत, बी-१२ कमी निघणं अगदी नेहमीचं आहे. तसं असलं तर कितीही चालवा, थकवा जात नाही आणि माणूस उगाच ट्रेनिंगला दोष देत बसतो.

सायकलच्या बाबतीत दोन गोष्टींकडं नीट बघा. पहिली सीटची उंची. सीटवर बसून टाच पायडलवर ठेवा, पायडल सगळ्यात खाली असताना गुडघा सरळ झाला पाहिजे. मग पंजा ठेवून चालवताना गुडघ्यात हलकासा बाक राहतो. मोजूनच करायचं असेल तर अनवाणी उभं राहून जांघेपासून जमिनीपर्यंतची उंची घ्या आणि तिला ०.८८३ नं गुणा. तेवढं अंतर बॉटम ब्रॅकेटच्या (पायडलचे दांडे ज्यावर फिरतात तो आस) मध्यापासून सीटच्या माथ्यापर्यंत असावं. आपल्याकडं नव्वद टक्के नवखे सीट खाली ठेवतात, कारण थांबल्यावर दोन्ही पाय जमिनीला टेकावेत असं वाटतं. गुडघ्याच्या पुढच्या बाजूला दुखायला लागलं की पहिला संशय सीटवर घ्या.

दुसरी गोष्ट ब्रेक. पावसात रिम ब्रेक (चाकाच्या कड्यावर रबर दाबणारे) असले तर चाकाचे पहिले एक-दोन फेरे नुसतं पाणी पुसण्यात जातात, ब्रेक नंतर लागतो. कास-बामणोलीच्या बाजूची लाल माती रबरात बसली की रिम घासून निघते. ब्रेक दाबल्यावर कचकच आवाज आला तर रबर काढून बघा, आत वाळूचे कण रुतलेले दिसतील. पिनेनं काढून टाका. डिस्कवाल्यांनी पॅडची जाडी दर पंधरवड्याला बघावी, पावसात पॅड उन्हाळ्यापेक्षा लवकर संपतात.

लागणारं सामान एवढंच:

- हेल्मेट, पुढचा पांढरा आणि मागचा लाल दिवा, रिफ्लेक्टरचं जॅकेट
- मडगार्ड, निदान मागचं तरी
- दोन ट्यूब, टायर लिव्हर, पंप, मल्टिटूल, पंक्चरचे पॅच
- पावसाळी चेन ऑईल आणि पुसायला जुनं सुती कापड
- छातीला बांधायचा हार्ट रेटचा पट्टा
- दोन बाटल्या
- प्लास्टिकच्या पिशवीत मोबाईल, ओळखपत्राची प्रत, रोख दोनशे-तीनशे रुपये

पॉवर मीटर, म्हणजे पायांचा जोर वॉटमध्ये मोजणारं यंत्र, असेल तर उत्तम. नसेल तर पहिल्या वर्षी त्यावर पैसे घालू नका, त्या पैशात चांगली टायर आणि बिब शॉर्ट (खांद्यावरून पट्टे असलेली गादीची सायकल चड्डी) येईल. मनगटावरच्या घड्याळाचे ठोके पावसात आणि खडबडीत रस्त्यावर भरवशाचे नसतात, म्हणून छातीचा पट्टा.

३. तुमचा ‘हळू’ किती, ते ठरवा

बेसचं बहुतेक काम झोन टूमध्ये, म्हणजे ठोक्यांच्या खालून दुसऱ्या, हलक्या पट्ट्यात करायचं असतं. झोन टू सगळ्यांनाच माहीत असतो, पण ‘२२०मधून वय वजा’ या सूत्रावर काढलेला झोन बऱ्याच जणांच्या बाबतीत दहा-बारा ठोक्यांनी चुकतो. त्यापेक्षा एकदा चाचणी घ्या.

आठवडाभर आराम झाल्यावर, कोरडी सकाळ बघून, वीस मिनिटं वॉर्मअप करा. मग तीस मिनिटं सलग, एकसारख्या जोरानं, टिकेल इतकं जास्तीत जास्त चालवा. शेवटच्या वीस मिनिटांचा सरासरी हार्ट रेट हा तुमचा थ्रेशोल्ड, म्हणजे जोर टिकवता येण्याची वरची हद्द. त्याच्या ८१ ते ८९ टक्के म्हणजे झोन टू. उदाहरणार्थ थ्रेशोल्ड १६५ आला तर झोन टू १३४ ते १४७. पॉवर मीटर असलेल्यांनी वीस मिनिटांच्या चाचणीतल्या सरासरी वॉटचे ९५ टक्के म्हणजे एफटीपी (वॉटमधला थ्रेशोल्ड) धरावी. तिच्या ५६ ते ७५ टक्के हा झोन टू.

ही चाचणी मात्र यवतेश्वर घाटात घ्यायला हरकत नाही. समर्थ मंदिरावरून वर निघालं की ना सिग्नल, ना चौक. नवखा वीस-तीस मिनिटं घाटात सहज गुंततो आणि वर पोचल्यावरही रस्ता पठाराकडं चालूच राहतो. उतरताना शेवाळ आणि दरडीचे बारीक खडे सांभाळा. चाचणीच्या जोशात वर गेलेले पाय खाली येताना थरथरतात आणि ब्रेकवरची बोटं गार पडलेली असतात. जोर लावून चाचणी घ्यायला डॉक्टरांनी मनाई केली असेल तर हे सगळं सोडून द्या आणि बोलण्याच्या कसोटीवर चाला.

बोलण्याची कसोटी म्हणजे शेजारी चालणाऱ्याला गल्लीतल्या गटाराच्या कामाची अख्खी कर्मकथा सांगता आली पाहिजे, पूर्ण वाक्यांत, मध्ये श्वासासाठी न थांबता. तुटक ‘हो… नाही… बघू’ निघायला लागलं की तुम्ही झोनच्या वर गेलात. एकटे असाल तर स्वतःशीच मोठ्यानं बोला. पहाटे कोण ऐकतंय!

पहिले दोन आठवडे हा वेग लाजिरवाणा वाटतो. सपाटीवर ताशी १८-२०, मध्येच दुधाच्या किटल्या लावलेली मोटारसायकल हॉर्न वाजवत पुढं जाते, एखादा शाळकरी पोरगाही साध्या सायकलवरून मागं टाकतो. टाकू द्या. स्ट्राव्हा या राईड नोंदवायच्या ॲपवर राईड ‘फक्त मी’ करून ठेवता येते, तो पर्याय याच दिवसांसाठी आहे असं समजा.

४. रस्ता: पश्चिमेला पाठ करा

आता मूळ मुद्दा. घाटात झोन टू का जमत नाही, याचा हिशेब करून बघू. ७० किलोचा माणूस, सायकल-बाटल्या-कपडे मिळून १२ किलो, एकूण ८२. सहा टक्के चढावर ताशी फक्त ८ किलोमीटरनं जायचं म्हटलं तरी गुरुत्वाकर्षणाविरुद्ध १०७ वॉट लागतात, टायरचं घर्षण मिळवलं की ११८च्या आसपास. नवख्याची एफटीपी १६० वॉट धरली तर त्याचा झोन टू ९० ते १२० वॉट. म्हणजे ताशी ८नं रांगतानाच तो झोनच्या छताला टेकलेला असतो. पुढं ३४ दात्यांची आणि मागं २८ दात्यांची चकती असेल तर या वेगाला पाय मिनिटाला जेमतेम ५२ वेळा फिरतात. चढ जरा उभा झाला, वळणावर जीप मागं लागली, की गेलाच झोन. घाट चढून आलेला माणूस घरी सांगतो ‘आज आरामात चालवली’, पण पट्ट्याच्या नोंदीत सत्तर टक्के वेळ थ्रेशोल्डला चिकटलेला दिसतो.

पावसाचंही तसंच. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि त्याच जिल्ह्यातल्या माण-खटावला जेमतेम पाचशे. सातारा शहर या दोन्हींच्या मधे आहे. कासच्या बाजूला धुकं आणि झड असते तेव्हा कोरेगावला नुसतं ढगाळ असतं, रस्ता कोरडा सापडण्याची शक्यता कितीतरी जास्त. बेसला रोज चालवता येणं महत्त्वाचं, म्हणूनही पूर्व बरी.

नेहमीचे रस्ते असे:

कोरेगाव रस्ता. पोवई नाक्यावरून खाली उतरून माहुली, कृष्णेचा पूल, पुढं सरळ. कोरेगाव साधारण २० किलोमीटर. जाऊन-येऊन चाळीस, म्हणजे दोन तासांची राईड. लांब हवी असेल तर पुसेगावच्या दिशेनं पुढं जा आणि वर्धनगडाचा घाट सुरू व्हायच्या आत मागं फिरा.

कोरेगाव-रहिमतपूर-सातारा ही फेरी. साठ किलोमीटरच्या आसपास, बारीक चढउतार, आजूबाजूला ऊस, आलं आणि सोयाबीन. रविवारच्या लांब राईडसाठी मला हीच सगळ्यात आवडते.

महामार्गाचा सर्व्हिस रोड. शेंद्रे, नागठाण्याच्या बाजूनं तुकड्या-तुकड्यांत सर्व्हिस रोड मिळतो. कोरेगाव रस्त्याचा कंटाळा आला की बदल म्हणून ठीक. मुख्य महामार्गावर मात्र चढू नका. कडेच्या पट्ट्यात उलट दिशेनं येणाऱ्या मोटारसायकली हा तिथला मोठा धोका आहे.

पूर्वेच्या रस्त्याचे सापळे दोन. पहिला वारा. पावसाळ्यात वारा पश्चिमेकडून, नैऋत्येकडून असतो. जाताना तो पाठीवर असतो, ताशी २५ सहज पडतात, आपण भलतेच तयार झालोय असं वाटतं आणि माणूस ठरल्यापेक्षा दहा किलोमीटर पुढं जातो. परतताना तोच वारा छातीवर येतो आणि वर माहुलीपासून शहरापर्यंत चढ. म्हणून वेळ बघून मागं फिरा: दोन तासांची राईड असेल तर पन्नासाव्या मिनिटाला. परतीला वेग १५वर आला तरी चालेल, ठोके झोनमध्ये राहिले पाहिजेत. ठोसेघरच्या वर चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्या उगाच उभ्या केलेल्या नाहीत, तिकडं तर या दिवसांत सायकल आडवी ढकलली जाते.

दुसरा सापळा ऊस. गाळप सुरू झालं की ऑक्टोबरच्या शेवटापासून रस्त्यावर दोन-दोन ट्रॉल्या लावलेले ट्रॅक्टर येतात. मागं दिवा नाही, रिफ्लेक्टर असला तर चिखलानं माखलेला, आणि ऊस दोन्ही बाजूंनी हातभर बाहेर. अंधारात हा डोंगर अंगावर येईपर्यंत दिसत नाही. त्या दिवसांत उजाडल्याशिवाय निघू नका. रस्त्यावर पडलेलं पाचट दवानं ओलं झालं की त्यावरून चाक सटकतं, तिथं ना ब्रेक दाबायचा ना हँडल वळवायचं, सरळ निघून जायचं. ट्रॉलीच्या मागं हवा कापली जाते म्हणून चिकटून चालवणारे महाभाग मी पाहिलेत. वरून एक कांडं निसटलं तर काय होईल, याचा विचार ते करत नाहीत.

कुत्र्यांबद्दल सगळे विचारतात. वेग वाढवू नका, थांबा, उतरा, सायकल मधे धरा आणि दमदार आवाजात ‘हाड’ म्हणा. बहुतेक वेळा तेवढ्यावर भागतं. चावलंच तर जखम साबण आणि वाहत्या पाण्यानं पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी लस घ्या.

५. आठवडा बसवणं

नोकरी करणाऱ्याला पाच दिवस चालवणं पुरतं. सुरुवात आठवड्याला सहा-साडेसहा तासांपासून करा आणि दर आठवड्याला दहा टक्क्यांच्या आसपास वाढवत नऊ तासांपर्यंत न्या. एकदम उडी मारली की गुडघे बोलतात.

साधारण असं: सोमवारी सुट्टी. मंगळवार आणि गुरुवारी तास-सव्वा तास झोन टू. बुधवारी पाऊण तास अगदीच निवांत, त्यात पाय मिनिटाला ९५-१०० फिरवायचा सराव. शुक्रवारी सुट्टी. शनिवारी दीड तास. रविवारी लांब राईड, पहिल्या आठवड्यात दोन तास आणि शेवटी शेवटी साडेचार-पाच. एरवी पायांची गती ८५-९५ ठेवा. जड गिअर रेटणं म्हणजे ताकद, हा समज जिममधून येतो आणि गुडघ्यात मुक्कामाला राहतो.

आठवड्यातून दोनदा, वीस-पंचवीस मिनिटं घरीच व्यायाम: उठाबशा, एका पायावरच्या उठाबशा, चवडे उचलणं, प्लँक, पाठीवर झोपून कंबर उचलणं. बस.

पाऊस थांबायलाच तयार नसेल तर होम ट्रेनर, म्हणजे सायकल घरातच जागेवर चालवायचा स्टँड. ट्रेनरवरचा एक तास बाहेरच्या सव्वा तासाबरोबर धरा, कारण उतार नाही आणि पाय थांबत नाहीत. पंखा समोर हवाच, नाहीतर घामानं ठोके आपोआप चढतात.

आठवडा मोडतो तो ग्रुप राईडमुळे. रविवारी आठ-दहा जण जमले की पहिले पाच किलोमीटर गप्पा आणि मग कुणीतरी खेचायला लागतो. ग्रुपला नावं ठेवायची नाहीत, बीआरएमच्या रात्री हीच माणसं उपयोगी पडतात. पण बेसच्या काळात त्यांना स्पष्ट सांगा, ‘तुम्ही व्हा पुढं, मी येतो मागून, कोरेगावला चहाला भेटू.’ ‘आता जरा ताणू की दादा’ म्हणणारा एकजण असतोच. त्याचं ऐकलंत तर मंगळवारची राईड गेली म्हणून समजा.

सकाळी अंथरुणातच ठोके मोजायची सवय लावा. नेहमीपेक्षा सात-आठ जास्त दिसले, झोप नीट झाली नसेल, घसा खवखवत असेल तर त्या दिवशी सायकल राहू द्या. बुडालेली राईड दुसऱ्या दिवशी जोडून भरून काढायची नाही.

६. पोट

दीड तासाच्या आतल्या राईडला पाणी पुरे. त्यापुढं तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं आणि अर्धा ते पाऊण लिटर पाणी. एका मध्यम केळ्यात पंचवीसेक ग्रॅम मिळतात. केळी, राजगिऱ्याचा लाडू, खजूर, गुळाची चिक्की, गुळाची पोळी, एवढ्यावर २०० किलोमीटर निघतात, परदेशी जेलची गरज नाही. लांब राईडला पहिल्या पाऊण तासातच पहिला घास घ्या. भूक लागल्यावर खाल्लं तर उशीर झालेला असतो.

ओआरएसचं पाकीट एक लिटरचं असेल तर एक लिटरमध्येच घाला. अर्धं पाकीट अंदाजानं बाटलीत टाकू नका, प्रमाण बिघडतं. नुसती ग्लुकोज पावडर म्हणजे ओआरएस नव्हे, तिच्यात मीठ नसतं.

उपाशीपोटी लांब राईड केली की चरबी जास्त जळते, असं सांगणारे भेटतील. नवख्यानं त्या फंदात पडू नये. श्रावण सोमवार आणि नवरात्राचे उपास असतील तर त्या दिवशी निवांत राईड ठेवा. साबुदाण्याची खिचडी, रताळं, केळी यांत कर्बोदकं भरपूर असतात, त्यामुळे तासाभराची राईड अडत नाही. निर्जळी उपास असेल तर मात्र सायकल नको. कंदी पेढा राईडनंतर, हे मी सांगायला नको. साताऱ्यात कुणी ऐकणारही नाही.

७. घाटाकडं केव्हा वळायचं

सहा आठवडे झाले, लांब राईड तीन तासांच्या वर गेली, की हळूहळू चढ आणा. पहिल्यांदा मेढ्याचा रस्ता: वेण्णेच्या कडेनं, कण्हेर धरणावरून, चढ अंगावर न येता वाढत जातो. मग सज्जनगड. मग यवतेश्वर, तोही बसून, सगळ्यात हलक्या गिअरवर, ठोके थ्रेशोल्डच्या दहा खाली ठेवून. मागच्या कॅसेटची मोठी चकती २८ची असेल तर याच वेळी ३२ किंवा ३४ बसवून घ्या, डिरेलरला (गिअर बदलणाऱ्या भागाला) तेवढी झेपते का ते दुकानदाराला विचारून. वाईहून पाचगणीला जाणारा पसरणी घाट शेवटच्या दोन आठवड्यांत, एकदाच, लांब राईडचा भाग म्हणून.

यावेळेपर्यंत कासचा फुलांचा हंगाम शेवटाला आलेला असतो, पण गर्दी असते. २०१२मध्ये पश्चिम घाट जागतिक वारसा यादीत गेल्यापासून कासचं नाव सगळीकडं झालं आणि शनिवार-रविवारी घाट गाड्यांनी भरतो. घाटात जायचं तर आठवड्यातल्या दिवशी, सातच्या आत खाली परत. सुरुवातीच्या चाचणीसाठी घाटात जाताना सातारा हिल हाफ मॅरेथॉनचा रविवारही बघून ठेवा, त्या सकाळी हा रस्ता धावणाऱ्यांचा असतो.

आठवड्यातून एकच चढाची राईड. बाकी पूर्वेचं वेळापत्रक तसंच चालू.

८. बेस बसला का, ते तपासा

वेग बघून कळत नाही, कारण वारा आणि रस्ता बदलतो. त्यापेक्षा असं करा. कमी वाऱ्याची सकाळ बघून, एकच दहा-बारा किलोमीटरची सपाट फेरी ठरवा आणि ती सलग चार वेळा मारा, एकाच वेगानं. पहिल्या दोन फेऱ्यांचा सरासरी हार्ट रेट आणि शेवटच्या दोन फेऱ्यांचा ताडून बघा. आधी १३८ आणि नंतर १४७ आला तर साडेसहा टक्क्यांनी वाढला, म्हणजे अजून दोन-तीन आठवडे हेच काम करायचं. फरक पाच टक्क्यांच्या आत आला की बेस बसला. ऑक्टोबरच्या उकाड्यात फरक जास्त दिसतो, म्हणून ही चाचणी उजाडल्या उजाडल्या घ्या आणि मधे पाणी पीत राहा.

दुसरी खूण जास्त खात्रीची वाटते मला: चार तासांची राईड करून घरी आल्यावर दुपारी आडवं न होता बाजारात जाता येतं.

९. पहिली बीआरएम: नोंदणी आणि कागद

नोंदणी ऑडॅक्स इंडियाच्या संकेतस्थळावर होते. कार्यक्रम आधीच लागलेला असतो. सातारकरांनी पुणे, सातारा, सांगली, कोल्हापूर असे जवळपासचे सगळे क्लब बघावेत आणि पहिलीला कमी चढाचा मार्ग निवडावा. मार्गाचं एकूण चढाण नकाशावर दिलेलं असतं, किलोमीटरचा आकडा बघण्याआधी ते बघा. वय १८ पूर्ण हवं.

नोंदणीला आणि सुटण्याच्या ठिकाणी सरकारी ओळखपत्र, रक्तगट, घरच्या माणसाचा फोन नंबर आणि स्वतःच्या जबाबदारीवर भाग घेतोय असं संमतीपत्र लागतं. अपघात विमा असेल तर त्याचा क्रमांक फोनमध्ये ठेवा. हेल्मेट, पुढचे-मागचे दिवे आणि रिफ्लेक्टर जॅकेट तपासल्याशिवाय सोडत नाहीत. मिळालेलं ब्रेव्हे कार्ड (वाटेतल्या नोंदींचं कार्ड) प्लास्टिकच्या पिशवीत घालून खिशात ठेवा. ते हरवलं किंवा कंट्रोलवरचा, म्हणजे वाटेतल्या तपासणी ठिकाणचा शिक्का राहिला तर दोनशे किलोमीटर चालवूनही नोंद होत नाही.

शेवटच्या आठवड्यात चालवणं निम्म्यावर आणा. नवं टायर, नवी सीट, नवी शॉर्ट यांतलं काहीही त्या आठवड्यात पहिल्यांदा वापरू नका. सुटण्याची वेळ बहुधा पहाटेची असते. साताऱ्याहून पुण्याला जायचं तर आदल्या रात्रीच मुक्कामाला जा, सायकल टपावर बांधली असेल तर उतरवल्यावर दोन्ही चाकं घट्ट बसली आहेत का ते आणि ब्रेक पुन्हा तपासा, दिवे रात्रभर चार्जिंगला लावा.